प्रार्थनेची वही : उपवासकाळातील एक साधना

राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा जो काळ मंडळी पाळते, त्यास आपल्याकडे कोणी उपवासकाळ म्हणतात, कोणी प्रायश्चित्तकाळ, तर कोणी नुसते लेंट. या काळात काय सोडावे याची चर्चा आपल्या घरांतून पुष्कळ होते. प्रार्थना कशी करावी याची मात्र फारशी होत नाही. वास्तविक दान, प्रार्थना व उपवास ही तिन्ही प्रभूने डोंगरावरील प्रवचनात एकत्र शिकविली आहेत (मत्तय ६). यांपैकी प्रार्थनेसंबंधी, आणि विशेषतः लिहून केलेल्या प्रार्थनेसंबंधी, येथे आम्ही विचार करणार आहोत.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. प्रार्थना अंतःकरणातून यावी, ती कागदावर उतरविली की तिच्यातील आत्मा जातो, असे काही भाविक म्हणतात. परंतु ज्या ग्रंथाने मंडळीस प्रार्थना करावयास शिकविले, तो स्तोत्रसंहितेचा ग्रंथच दीडशे लिखित प्रार्थनांचा आहे. शिवाय त्या प्रार्थना गुळगुळीत नाहीत. १३ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता ‘कोठवर’ हा प्रश्न देवास चार वेळा विचारतो. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी समाधानाचा एक शब्दही नाही. विलापगीताच्या पहिल्या चार अध्यायांची रचना इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने केलेली आहे. यरुशलेमेचा नाश डोळ्यांदेखत झाला असता कवीने अक्षरे मोजून शोक केला, तो काही शोक कमी होता म्हणून नव्हे. दुःख इतके अफाट होते की त्यास धरावयास काहीतरी काठ हवा होता. लिहिण्याने प्रार्थनेस असा काठ मिळतो.

मंडळीच्या इतिहासातही हीच परंपरा दिसते. इ. स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्तिनाने आपले आत्मनिवेदन लिहिले, ते आरंभापासून शेवटपर्यंत देवास उद्देशून आहे. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याने आपल्या दिवसाचा हिशेब वर्षानुवर्षे रोजनिशीत ठेवला. आपल्या मराठी भाषेत तर हे बी फार पूर्वीच पडले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त प्रभूचे चरित्र ओवीत सांगितले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या रूपाने प्रभूशी संभाषण केले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते; वाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. तेव्हा ‘आम्हांस कोठे लिहिता येते’ ही सबब आपणांपैकी बहुतेकांना पुढे करता येणार नाही.

आता बोरगाव, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागाकडे पाहू. उपवासकाळ येथे अशा दिवसांत येतो की उसाचा हंगाम सरत आलेला असतो व घरोघर देण्याघेण्याचे हिशेब चाललेले असतात. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या भगिनींची मजुरी हजारी ठरते; त्यांचे हात क्षणभर मोकळे नसतात. सावकाराचे देणे, भावाभावांतील वाटणीचा तंटा, मुलाचे दारूचे व्यसन, मुलीच्या लग्नाची काळजी या गोष्टी मनुष्य प्रार्थनासभेत उभा राहून बोलत नाही. ख्रिस्ती घरे मोजकी, सर्वांची सर्वांशी ओळख. बोललेले दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोहोचेल अशी भीती वाटते. म्हणून सभेत आपण सर्वांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करतो आणि स्वतःचे दुखणे तसेच घरी घेऊन जातो. अशा मनुष्यास एकांतातील वही उपयोगी पडते.

पद्धत अगदी साधी आहे. शाळकरी मुलाची एक वही पुरे. रोज एक लहान शास्त्रभाग दोनदा सावकाश वाचावा. त्यातील जो शब्द मनास लागेल, तो पानाच्या माथ्यावर लिहावा. त्याखाली त्या दिवशी घडलेली एक गोष्ट, जशी घडली तशी, लिहावी. मग तीच गोष्ट देवास उद्देशून दोन-चार वाक्यांत सांगावी. राग असेल तर राग, भीती असेल तर भीती. शेवटी उद्या करावयाचे एक काम लिहावे. जी भाषा घरात बोलतो तीच लिहावी, मग ती मराठी असो वा कानडी, किंवा दोन्हींची सरमिसळ असो. पुस्तकी शब्द शोधीत बसू नये.

ज्यांस लिहिता येत नाही किंवा ज्यांचे हात कामात आहेत, त्यांनी क, ख, ग या क्रमाने एकेका अक्षराची एकेक विनंती मनात जुळवावी. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्यांना ही रीत नवी वाटली नसती. ज्यांस चित्र काढता येते, त्यांनी दुःखसहनाचा एकेक प्रसंग रेखाटावा. आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराने पुण्याच्या आश्रमात राहून पवित्र मरियेस साडी नेसलेली दाखविले. शास्त्रातील प्रसंग आपल्या अंगणात घडताना पाहणे, हेही ध्यानच होय.

तथापि तीन गोष्टींविषयी सावध असावे. वही ही पुण्याची खतावणी नव्हे. चाळीस पाने भरली म्हणून देव आपला ऋणी होत नाही, आणि दहा दिवस चुकले म्हणून अकराव्या दिवशी दार बंद होत नाही. दुसरे, वही कोणास वाचून दाखविण्यासाठी नाही. जे लिहिणे घरात ठेवणे बरे नव्हे, ते खुशाल चुलीत घालावे. देवाने ते वाचलेलेच असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वहीत ज्या भावाचे नाव रागाने पुन्हा पुन्हा येते, त्याच्याशी समेट वहीत होत नसतो. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, असेच प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५). तेव्हा वही मिटून त्याच्या दारी जावे लागेल. त्याने दार उघडले नाही, तर तेही त्या रात्री लिहावे आणि पुन्हा जावे.

या उपवासकाळात आपल्या मंडळीतील प्रत्येक घरी अशी एक वही असावी, ही आमची विनंती आहे. पाळकांनी तिची चौकशी करू नये. ती लिहिण्यास अर्धा तास निवांत मिळावा एवढी तजवीज मात्र घरच्या माणसांनी एकमेकांसाठी करावी. घरातील स्त्रियांस तो अर्धा तास सर्वांत दुर्मीळ असतो. त्या वेळी चूल व पोरे दुसऱ्या कोणी सांभाळली, तर तोही एक उपवासच ठरेल.