ॲम्प्लिफायर उघडण्याआधी

गाडीतला ॲम्प्लिफायर बंद पडला की हात पहिल्यांदा जातो स्क्रू ड्रायव्हरकडे. तो आधी मीटरकडे जायला हवा. दुरुस्तीला आलेल्या कित्येक ॲम्पमध्ये आत काहीच बिघडलेलं नसतं, दोष बाहेरच्या वायरिंगमध्ये असतो. म्हणून बाहेरून आत जायचं आणि एकेक शक्यता खोडत जायची. अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा ही वाट लांबची वाटते, पण पैसे आणि बोर्ड दोन्ही तिनेच वाचतात.

मुंबईच्या उपनगरांत हे जास्तच लागू पडतं. गाड्या उघड्यावर उभ्या राहतात, हवा दमट आणि खारी. जोराच्या पावसात अंधेरी सबवे, मिलन सबवे भरतात. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आणि ॲम्प बसवलेला असतो सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी, म्हणजे गाडीत पाणी शिरलं तर सगळ्यात आधी पोचेल अशा जागी.

तीन वायरी

ॲम्पला जगवणाऱ्या वायरी तीन: बॅटरीची पॉझिटिव्ह, अर्थिंग आणि स्टिरिओकडून येणारी रिमोट. मीटर डीसी व्होल्टवर लावा, काळी पिन ॲम्पच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर ठेवा. लाल पिन पॉझिटिव्हवर लावली की इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य आलं तर बॅटरीजवळचा फ्यूज काढून मीटरने तपासा; नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. मग लाल पिन रिमोटवर. स्टिरिओ चालू असताना इथे १२ व्होल्टच्या आसपास नसतील तर ॲम्प धडधाकट असूनही जागा होणार नाही.

सगळ्यात फसवी असते अर्थिंग. मीटर बीप करतो म्हणजे अर्थिंग ठीक, असं नाही. बोल्टखाली गंज धरून ०.१ ओहम अडथळा आला, तर साधा मीटर तो धड दाखवतही नाही. पण मोठ्या आवाजात ॲम्प ३० अँपिअर खेचू लागला की त्याच ०.१ ओहमवर ३ व्होल्ट खर्ची पडतात. मग बेस वाजला की ॲम्प बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. म्हणून गाणं वाजत असताना मोजायचं: एक पिन ॲम्पच्या अर्थिंगवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर बोल्ट सोडा, रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

प्रोटेक्टचा लाल दिवा लागत असेल तर ॲम्प बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा गेला, तर ॲम्प बरा आहे. एखादा स्पीकर जळलाय किंवा दारात चेपलेली वायर बॉडीला टेकतेय. एकेक जोडून पाहिलं की दोषी सापडतो. दिवा तसाच राहिला, तर मात्र ॲम्प उघडायचा.

आधी डोळे, मग मीटर

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. म्हणजे पुढे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. झाकण काढल्यावर निरखून पाहा. फुगलेले कपॅसिटर, तडकलेला मॉसफेट, टर्मिनलच्या पायांशी भेगाळलेलं सोल्डर. पाणी शिरलेल्या ॲम्पमध्ये पॉझिटिव्ह टर्मिनलभोवती हिरवट पांढरा थर दिसतो. ॲम्प बंद असला तरी तिथे बॅटरीचे १२ व्होल्ट रात्रंदिवस असतात, आणि ओल असेल तिथे हा प्रवाह तांब्याचे ट्रॅक कुरतडत राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने थर काढा. ट्रॅक तुटला असेल तर वायरचा जंपर टाका.

कोणता भाग गेलाय?

गाडीचे १४.४ व्होल्ट थेट वापरले तर ४ ओहमच्या स्पीकरला हिशोबानेसुद्धा २६ वॅटच्या वर स्वच्छ आवाज देता येत नाही. म्हणून ॲम्पच्या पहिल्या भागात मॉसफेट हा डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडतात, गोल ट्रान्सफॉर्मर तो वाढवतो आणि डायोड त्याचे अधिक-उणे असे दोन पुरवठे करतात. या तोडण्याचा ताल बहुतेक वेळा टीएल ४९४ ही आयसी धरते. दुसऱ्या भागातले आउटपुट ट्रान्झिस्टर या पुरवठ्यावर स्पीकर हलवतात.

कोणता भाग गेलाय हे १२ व्होल्ट, ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब सांगतो. तो पॉझिटिव्ह वायरीत सिरीजमध्ये जोडा आणि बॅटरीची निगेटिव्ह परत लावा. आत शॉर्ट असला तरी प्रवाह ५ अँपिअरच्या आसपास थांबतो आणि बोर्ड जळत नाही. रिमोट न देताच बल्ब भक्क पेटला, तर मॉसफेट शॉर्ट आहेत, नाहीतर कधीतरी बॅटरी उलटी जोडल्याने संरक्षक डायोड गेलाय. रिमोट दिल्यावरच पेटला, तर आधी संशय डायोडवर आणि आउटपुटवर घ्या.

आता बल्ब आणि वीज काढून मीटर बीपवर लावा. आयआरएफझेड ४४ सारख्या मॉसफेटच्या मधल्या आणि उजव्या पायात बीप आला तर तो शॉर्ट. पण ओळीतले मॉसफेट समांतर असतात, त्यामुळे एक गेला तरी सगळेच शॉर्ट वाटतात. सोल्डर काढून एकेक सुटा तपासावा. आणि इथेच थांबू नये. गेटचा छोटा रेझिस्टर किंवा त्यामागचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर गेला असेल, तर नवा मॉसफेट अर्धवट चालू राहतो, तापतो आणि पुन्हा जळतो. आउटपुटकडेही तेच: ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरची जोडी बदलताना एमिटरचे पांढरे चौकोनी रेझिस्टर ओपन नाहीत ना, हे पाहायचंच.

बसवताना आणि बसवल्यावर

सुट्या भागांसाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. जुना पार्ट सोबत न्या, विश्वासाचं दुकान धरा, कारण पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये नकली माल फिरतो. ओळीतला एक गेला तरी पूर्ण ओळ एकाच लॉटमधली घ्या. अभ्रकाचा पत्रा आणि थर्मल पेस्ट नीट लावा. ट्रान्झिस्टरची पाठ आणि हीटसिंक यांत बीप येता कामा नये.

पुन्हा बल्ब लावून सुरू करा. क्षणभर चमकून तो विझला, तर शॉर्ट गेला. स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा. फ्यूज ॲम्पवर छापलेल्या अँपिअरचाच टाका. मोठा फ्यूज टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

ॲम्प परत बसवताना तळ सोडा. मागच्या सीटच्या पाठीला प्लायवूड मारून त्यावर बसवा. दर मे महिन्यात अर्थिंगचा बोल्ट तपासा. आणि मोजलेले आकडे, बदललेले पार्ट व तारीख कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. पुढे हा ॲम्प ज्याच्या हाती जाईल, त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.