कुंटे चौकात, कसबा गणपती येण्याआधी

अनंत चतुर्दशीची सकाळ. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या आणि सराफांच्या दुकानांची शटर खाली आहेत. दोन्ही कडेला बांबू बांधलेत, बांबूंमागे लोकांनी आत्ताच जागा धरायला सुरुवात केली आहे. एरवी पाय ठेवायला जागा नसते तो कुंटे चौक मधोमध रिकामा आहे आणि त्या मोकळ्या डांबरावर दहा-बाराजण गुडघ्यांवर बसून रांगोळी घालताहेत.

पहाटे सर पडून गेली आहे. रस्ता वरून कोरडा दिसतो, पण खड्ड्यांत ओल आहे आणि ओलीवर रंग काळपट पडतो. म्हणून एक मुलगा गोणपाट घेऊन पुढे पुढे पुसत चालला आहे. त्याच्यामागून सुतळी येते. एकाने तिचं टोक अंगठ्याखाली दाबून धरलंय, दुसरा खडू बांधलेलं टोक घेऊन उलट्या पावलांनी फिरतो आणि वर्तुळ पुरं होतं. मग चाळण्या. मनगटाने हलकेच ठोकत केशरी, पिवळा, हिरवा असा थर बसतो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे त्या थराखाली दिसेनासे होतात.

खरं काम यानंतरचं. पांढरी रांगोळी मुठीत घेऊन पाचही बोटांच्या फटींतून सोडायची. रेघ जाड हवी तर हात सावकाश, बारीक हवी तर भराभर. माझ्यासमोर बसलेली मुलगी कॉलेजातली असावी. तिच्या वाटणीच्या कमळात नेमकं चेंबरचं झाकण आलंय. झाकणाच्या भोकांतून रंग खाली गळतो. ती क्षणभर थांबते, वर्तमानपत्राचा तुकडा फाडून भोकांवर ठेवते आणि त्या लोखंडी गोलालाच कमळाचा गाभा करते. आता पाकळ्या झाकणापासून सुरू होतात. मघाशी खडूने आखलं होतं त्यापेक्षा हे कमळ जास्त देखणं झालंय, असं माझं स्पष्ट मत आहे. या रस्त्याच्या, या चौकाच्या बाहेर ते होऊच शकलं नसतं.

लांबून ढोलाचा पहिला ठेका येतो. मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी मानाचा पहिला, कसबा गणपती निघाला. बांबूंमागे हालचाल होते, मोबाइल वर जातात. आखणी करणाऱ्या काकू मात्र एका पाकळीपाशी पुन्हा बसल्यात. टोक जरा कलंडलंय. त्या बोटाने रांगोळी बाजूला सारतात, फुंकर घालतात, नव्याने रेघ ओढतात.

“काकू, राहू द्या ना आता. आलेच ते.”

“वाकडी राहिली तर मला दिसत राहील.”

थोड्या वेळात ही पाकळीच राहणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरीही त्या ‘दिसत राहील’ म्हणतात आणि ते खरं आहे. टिकणार नाही म्हणून हात सैल सोडावा, हा विचार या घोळक्यात एकाच्याही हातात दिसत नाही. आपल्याकडे ही कला आजची नाही. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्रालाही जागा आहे. तेव्हाच्या भिंतींवरची किती चित्रं आज उरली? धूलिचित्र मात्र रोज सकाळी दारात पुसलं जातं आणि रोज नव्याने उमटतं. ते टिकलं ते हातांत टिकलं.

“पाच मिनिटं दोरी लावा ना, फोटो नीट येईल,” कठड्यामागून कोणीतरी ओरडतं. दोरी कोणी लावत नाही, आणि बरं करतात. ही पायघडी आहे. ज्याच्यासाठी घातली तो तिच्यावरून गेला नाही, तर काम अर्धवटच राहिलं म्हणायचं.

आणि ते येतात. पुढे ध्वज, त्यामागे झांजा, मग ताशाची तर्री आणि ढोलांच्या रांगा. ध्वजवाल्या मुलीचं पहिलं पाऊल केशरी कडेवर पडतं, तिथे बोटांसकट ठसा उमटतो. दुसरा, तिसरा, आणि पुढे मोजता येत नाही. हिरवा पिवळ्यात जातो, पांढऱ्या रेघा धुळीसारख्या उडून वादकांच्या कुर्त्यांवर बसतात. पालखी येते तेव्हा गर्दी एकदम पुढे झुकते. पालखीतल्या गणपतीलाही आज विसर्जनाच्या हौदातच जायचं आहे. दहा दिवसांपूर्वी प्राणप्रतिष्ठा, आज उत्तरपूजा, मग पाणी. माती घडवायची, तिच्यात देव बोलवायचा, त्याला मनापासून जेवूखाऊ घालायचं आणि मग मातीला पुन्हा मोकळं करायचं, हे ज्या गावाला दरवर्षी जमतं, त्याला रांगोळी पुसली जाण्याचं दुःख वेगळं शिकवावं लागत नाही.

मी रांगोळीवाल्यांचे चेहरे शोधतो. पुसली जाताना त्यांना काय वाटतं ते बघायचं आहे. पण इथे कोणीच नाही. चाळण्या, रंगाच्या पिशव्या, सुतळी, सगळं उचलून ते केव्हाच पुढे निघून गेलेत. गर्दीच्या कडेकडेने मीही पुढे सरकतो. मंडळी टिळक चौकाच्या दिशेला पुढच्या मोकळ्या जागेत बसलीत, गोणपाट फिरतोय, सुतळी ताणली जातेय. कॉलेजातल्या त्या मुलीच्या कोपरापर्यंत रंग चढलाय. मागे वळून बघायला तिला सवड नाही, पालखी येईपर्यंत एक अख्खं वर्तुळ भरायचं आहे.

पुण्याची विसर्जन मिरवणूक बघायला बाहेरगावाहून येणारे बहुतेकजण रात्रीच्या रोषणाईसाठी येतात. पुढल्या वर्षी याल तर सकाळीच या, पहिला ढोल वाजायच्या आत लक्ष्मी रस्ता गाठा. कठड्याशी जागा मिळते, आणि वाकून विचारलंत तर ही माणसं हात न थांबवता मूठ कशी धरायची ते दाखवतात.