प्रवेश परीक्षांसाठी अभ्याससाहित्याची निवड : कोलशेत परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोलशेत हे ठाणे शहरातील खाडीकाठचे जुने गाव. गावठाणाच्या भोवती आज उंच गृहसंकुले उभी आहेत. मराठी माध्यमातून दहावी झालेला आणि इंग्रजी माध्यमात शिकलेला, असे दोन्ही विद्यार्थी येथून एकाच प्रवेश परीक्षेला बसतात. पुस्तकांवर सारखाच खर्च करण्याची ऐपत मात्र दोघांची नसते. म्हणून कोणते साहित्य घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परीक्षेचे स्वरूप :
साहित्याची निवड परीक्षेच्या स्वरूपावरून करावी. २०२५ च्या एमएचटी-सीईटी परीक्षेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे होते. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे होत. चुकीच्या उत्तरास गुणकपात नव्हती. त्यामुळे वेगाचा सराव देणारे प्रश्नसंच येथे उपयुक्त ठरतात. याउलट त्याच वर्षीच्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्न ७२० गुणांसाठी होते व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होत असे. तेथे अचूकता महत्त्वाची ठरते.

पाठ्यपुस्तकाचे स्थान :
सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या व ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमास असतो. म्हणून अकरावीची पुस्तके वर्ष संपताच रद्दीत देऊ नयेत. सीईटीसाठी बालभारतीची, तर 'नीट' व 'जेईई'साठी एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके पायाभूत मानावीत. ही पुस्तके संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. राज्याचा अभ्यासक्रम अकरावीसाठी २०१९ मध्ये व बारावीसाठी २०२० मध्ये बदलला. त्यापूर्वीची जुनी मार्गदर्शके स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

भाषेचा प्रश्न :
सीईटीत विज्ञान विषयांचे प्रश्न मराठीतूनही उपलब्ध असतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने गणिताचा सराव प्रथमपासून इंग्रजी पुस्तकातून करावा. अन्यथा गणित येत असूनही प्रश्न समजण्यात वेळ जातो.

निष्कर्ष :
प्रत्येक विषयास एक पाठ्यपुस्तक, एक प्रश्नसंच आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढे साहित्य पुरेसे आहे. खरेदीपूर्वी चालू वर्षाचे माहितीपत्रक अवश्य पाहावे. अनेक पुस्तके चाळण्यापेक्षा एकच पुस्तक दोनदा पूर्ण करणे अधिक हितावह आहे. आणि हे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबातील विद्यार्थ्यालाही साधण्यासारखे आहे.