ठेवीतल्या शंभर रुपयांचे पुढे काय होते?

बँकांकडे पैसा आहे, रिझर्व्ह बँकेने व्याजदरही उतरवले, तरी कर्ज काही मिळत नाही, ही तक्रार भोसरीच्या किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कधीही ऐकायला मिळते. तक्रार करणाऱ्याला शाखाधिकारी आडमुठा वाटतो. शाखाधिकाऱ्याच्या मते समोरच्याचा ताळेबंद विश्वासार्ह नसतो. दोघांचेही थोडे थोडे खरे असते. पण मूळ प्रश्न समजून घ्यायचा तर ठेवीदाराने बँकेत ठेवलेल्या शंभर रुपयांपासून सुरुवात करावी लागेल.

१९९१च्या आर्थिक सुधारणांच्या उंबरठ्यावर या शंभरांतले १५ रुपये रोख राखीव निधी म्हणून रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत आणि साडेअडतीस रुपये वैधानिक रोखता प्रमाणापोटी मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावे लागत. वाढीव ठेवींवर तर आणखी १० टक्के राखीव निधीची अट होती. म्हणजे नव्याने आलेल्या शंभरांतले साडेत्रेसष्ट रुपये बँकेच्या हातून आधीच निसटलेले असत. जे उरत, त्यावर केलेल्या कर्जवाटपापैकी ४० टक्के शेती, लघुउद्योग आदी अग्रक्रमाच्या क्षेत्रांना देण्याचे बंधन होते. सरकारला स्वस्तात पैसा मिळत असे आणि त्याची भरपाई उरलेल्या कर्जदारांच्या व्याजातून होत असे. त्या वर्षी मोठ्या कर्जांवरील व्याज २० टक्क्यांच्या घरात गेले होते, ते उगीच नव्हे.

नरसिंहम समितीने १९९१मध्ये ही जखडलेली चौकट सैल करण्याची शिफारस केली. वैधानिक रोखता प्रमाण १९९७मध्ये २५ टक्क्यांवर आणि २०२०मध्ये १८ टक्क्यांवर आले. रोख राखीव प्रमाण २०२५च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यात आले. सक्तीने अडकून पडणारा पैसा असा निम्म्याहून कमी झाला. मग तो खासगी उद्योगांकडे वळायला हवा होता. तसे मात्र आपोआप घडले नाही.

या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बँकांनी सक्ती नसतानाही मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक सरकारी रोखे बाळगले. व्याजदर उतरत असल्याने रोख्यांच्या किमती वाढत होत्या आणि बसल्याजागी नफा मिळत होता. ‘आळशी बँकिंग’ हा शब्द त्याच काळात रूढ झाला. यात बँकांच्या दृष्टीने हिशेब अगदी सरळ होता. खासगी कंपनीला शंभर रुपये कर्ज दिले, तर जोखमीपोटी साधारणपणे नऊ रुपयांचे स्वतःचे भांडवल बाजूला धरावे लागते. सरकारी रोख्यांवर बुडण्याच्या जोखमीपोटी तसे काहीच धरावे लागत नाही. शिवाय कर्ज बुडाले तर चौकशी अधिकाऱ्याची होते. न दिलेल्या कर्जाबद्दल मात्र कुणालाही जाब द्यावा लागत नाही!

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००४ ते २००७ या काळात कर्जवाटप वर्षाला सुमारे ३० टक्क्यांनी वाढत होते. आयसीआयसीआय २००२मध्ये आपल्याच बँकेत विलीन झाली, आयडीबीआयचेही २००४मध्ये बँकेत रूपांतर झाले. दीर्घ मुदतीची कर्जे देणाऱ्या या संस्था राहिल्या नाहीत, तेव्हा वीजप्रकल्प आणि महामार्ग यांचा भार व्यापारी बँकांवर आला. दोन-तीन वर्षांच्या ठेवींतून पंधरा वर्षांची कर्जे दिली गेली. जमीन, कोळसा, परवाने यांत प्रकल्प रखडले आणि मार्च २०१८मध्ये थकीत कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांपलीकडे गेले. सरकारला २०१७मध्ये २ लाख ११ हजार कोटी रुपयांच्या पुनर्भांडवलीकरणाची योजना जाहीर करावी लागली. २०१६च्या दिवाळखोरी संहितेनंतर आणि मोठ्या प्रमाणावर कर्जे निर्लेखित झाल्यावर ताळेबंद सुधारले. पण पोळलेल्या बँकांनी आता घर, गाडी आणि सोने तारण घेऊन दिल्या जाणाऱ्या कर्जांचा सुरक्षित रस्ता धरला आहे. व्यक्तिगत कर्जांची बाकी आज उद्योगांच्या कर्जांहून अधिक आहे.

या सगळ्यात लहान कारखानदाराची अडचण आणखी वेगळी आहे. दहा लाखांच्या कर्जाची छाननी करायला जवळजवळ दहा कोटींच्या कर्जाइतकेच श्रम पडतात, आणि मिळणारे व्याज मात्र शंभरावा हिस्सा! नायक समितीच्या सूत्रानुसार लघुउद्योगाला अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळते भांडवल बँकेने द्यावे. उलाढाल एक कोटीची असेल तर वीस लाख. आता त्याचा मोठा ग्राहक चार महिन्यांनी पैसे देत असेल, तर त्याचे तेहतीस लाख केवळ येणे म्हणूनच अडकतात. त्यातही नव्वद दिवसांहून जुनी येणी बँक सहसा मोजत नाही. दरमहा स्टॉक स्टेटमेंट भरले की ड्रॉइंग पॉवर कमी होते. म्हणजे ग्राहकाने पैसे थकवले, की नेमकी त्याच वेळी बँकही हात आखडता घेते. कामगारांचा पगार मग खासगी सावकाराकडून, महिना दोन-तीन टक्क्यांनी उचललेल्या पैशांतून होतो.

कायदा आहे. २००६च्या अधिनियमानुसार लघुउद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती केली पाहिजेत, अन्यथा चक्रवाढ व्याज. पण पुढची ऑर्डर ज्याच्याकडून हवी, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? २०१७पासून ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेत अशी बिले ऑनलाइन लिलावाने बँकांना विकता येतात. व्याजदर ठरतो तो खरेदीदाराच्या पतीवर, आणि पैसे एक-दोन दिवसांत खात्यात जमा होतात. पुढे खरेदीदाराने पैसे थकवले तरी बँक विक्रेत्याकडे परत येत नाही. अट एकच: खरेदीदाराने ते बिल आधी मान्य केले पाहिजे. शिरोलीतला कारखानदार पुन्हा त्याच दारात उभा राहतो, फक्त या वेळी पैशांसाठी नव्हे, एका मान्यतेसाठी.