मुलग्यांची पौगंडावस्था

मुलग्यांची पौगंडावस्था हा बालपण आणि प्रौढपण यांना जोडणारा वाढीचा टप्पा होय. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा वयोगट या अवस्थेचा मानते. या काळातील शारीरिक बदल निसर्गक्रमाने घडतात. मात्र त्यांचा अर्थ मुलग्याला कोण व कसा समजावून सांगतो, यावर त्याची स्वतःविषयीची धारणा बऱ्याच अंशी अवलंबून असते.

शारीरिक बदल

मुलगे साधारणपणे ९ ते १४ या वयात वयात येऊ लागतात. पियुषिका ग्रंथीतील संप्रेरकांमुळे वृषणांची वाढ होते व त्यांतून टेस्टोस्टेरॉन अधिक प्रमाणात स्रवू लागते. स्वरतंतू लांब व जाड होत असल्याने काही काळ आवाज फुटतो. मुलींची उंची सहसा आधी वाढते. म्हणून सहावी-सातवीत अनेक मुलगे वर्गातील मुलींपेक्षा बुटके दिसतात. समवयस्क मुलग्यांच्या वाढीतही मोठी तफावत असते. उशिरा होणारी वाढ बहुधा आजार नसते. तथापि १४ वर्षे पूर्ण होऊनही कोणताच बदल न दिसल्यास वैद्यकीय तपासणी करावी लागते.

गैरसमज

झोपेत वीर्यस्खलन होणे ही स्वाभाविक क्रिया आहे. परंतु तिच्यासाठी रूढ असलेला ‘स्वप्नदोष’ हा शब्दच तिला दोष ठरवतो. वीर्यनाशाने शक्ती क्षीण होते या समजुतीतून जडणाऱ्या विकाराला मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक विषयांची शास्त्रीय चर्चा केली.

भावनिक जडणघडण

विवेक व संयम यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. त्यामुळे या वयात साहसाची ओढ व मित्रांचा प्रभाव अधिक असतो. ‘मुलीसारखा काय रडतोस?’ यांसारख्या वाक्यांतून मुलग्यांना दुःख व भीती लपविण्याची सवय लागते. दडपलेली भावना अनेकदा राग, अबोला किंवा अभ्यासातील दुर्लक्ष या रूपाने प्रकट होते आणि ती उद्धटपणा समजली जाते. अशा वाक्यांतून मुलींविषयीचा हीनभावही नकळत रुजतो.

आधार व साहाय्य

बदल घडण्यापूर्वीच त्यांची माहिती देणे, चेष्टा व तुलना टाळणे, घरकामात वाटा देणे आणि उपदेशाआधी ऐकून घेणे या गोष्टी उपयुक्त ठरतात. वडील, काका, मामा किंवा शिक्षक यांनी स्वतःच्या भावनांविषयी मोकळेपणाने बोलल्यास मुलग्यांचाही संकोच कमी होतो. मुंबईत १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘मावा’ ही संस्था स्त्री-पुरुष समतेसंबंधी मुलगे व तरुण यांच्याशी संवाद साधते.

लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा मुलग्यांनाही लागू आहे. संकटातील बालकांसाठी १०९८, तर मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.