रिकामी वाघीण

बिदर आणि कलबुर्गी यांना जोडणारा ११० किलोमीटरांचा लोहमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. तेव्हापासून आमच्या गावांतील मुलांना लागलेले आगगाडीचे वेड काही ओसरत नाही. अशाच एका मुलाने सहलीत पुण्याचे भाऊ जोशी यांचे, १९९८ साली उघडलेले, छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय पाहिले. पुढे दुबईच्या मामाने त्यास इंजिन, रुळांचे वर्तुळ आणि एका वाघिणीचा जुळणीचा संच पाठविला. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, हे वाचकांस सांगणे नलगे.

मुलाचे वडील मालधक्क्यावर पोती वाहत असत. तेथे उजव्या हाताची बोटे चेंगरल्यापासून ते घरीच बसून, आणि बहुधा मुके. मी गेलो तेव्हा मुलगा रडकुंडीस आला होता. घाईत डिंक जागोजाग सांडलेला, एक पायरी मोडलेली, आणि वळण आले की वाघीण रूळ सोडी. "फादर, ही टाकूनच देतो," तो म्हणाला.

"टाकू नकोस. आण इकडे," कोपऱ्यातून वडील बोलले.

हे खेळणे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे असते. पंधरा मीटरांची वाघीण त्यात जेमतेम सतरा सेंटिमीटरांची होते. एवढ्या लहान वस्तूत केसाएवढी चूकही चाकाला कळते.

वडील सांगत गेले, मुलगा करीत गेला. आधी वाळलेला डिंक धारदार पात्याने खरवडला व कडा कानशीने साफ केल्या. मोडलेल्या पायरीस बारीक भोक पाडून तारेचा आधार दिला. प्रत्येक भाग प्रथम कोरडाच बसवून पाहिला. या कामाचा द्राव प्लास्टिक किंचित विरघळवून सांधा एकजीव करतो. म्हणून तो कुंचल्याच्या टोकाने थेंबभरच लावावा.

तरीही वाघीण घसरलीच. वडिलांनी ती डाव्या तळहातावर तोलली. "रिकामी आहे रे ही. यार्डातसुद्धा रिकामी वाघीणच आधी उडते."

जाणकारांचा हिशेब असा: या मापाच्या डब्याचे वजन एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचास अर्धा औंस असावे. आमच्या वाघिणीस ते सुमारे सव्वाशे ग्रॅम आले. वाण्याच्या काट्यावर तोलून लोखंडी नट आत तळाशी, दोन्ही बाजूंस सारखे चिकटविले. ओझे तळाशी असले की तोल सांभाळतो, हे पोती रचणाऱ्यास कोणी शिकवावे?

शेवटी चाकांच्या दोन चौकटी. एकीचा स्क्रू असा आवळला की ती केवळ वळावी. दुसरीचा किंचित सैल, म्हणजे तिला डुलताही यावे. तिवई उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मग वाघीण वळणावरून सात फेऱ्या निमूटपणे धावली. आठवीच्या वेळी वीज गेली, तेव्हा वडिलांनीच ती डाव्या हाताने पुढे ढकलली.

आता मामाकडे आणखी दोन वाघिणींची मागणी गेली आहे. सामानाची यादी वडिलांनी लिहिली. अक्षर डाव्या हाताचे, वेडेवाकडे, परंतु एकही वस्तू विसरलेली नाही.