आकडे सांगणारा

शनिवार, ६ ऑक्टोबर १७८१. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. व्हर्जिनियातलं यॉर्कटाउन, वेढ्याचा नववा दिवस.

पहाटे साडेपाच. तोफेच्या आवाजाने त्याला आता जाग येत नाही. येते ती वारा फिरला की. नदीकडून वारा सुटला की मेलेल्या घोड्यांचा वास तंबूत भरतो. गावात कोंडल्या गेलेल्या इंग्रजांकडे वैरण उरली नाही, म्हणून त्यांनी आपलीच शेकडो घोडी मारून यॉर्क नदीत लोटली, आणि भरती त्यातली काही काठाला आणून टाकते. तो नाकाला रुमाल बांधतो आणि अंधारातच दौत चाचपतो. रात्री कोणी लवंडली तर नाही ना?

हा पोरगा मी कल्पिलेला आहे. वय वीस-एकवीस, सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या चिटणिसाच्या हाताखाली नकला करणारा. चिटणीस खरा, आणि आजच्या तारखेचं एक पत्रही खरं. त्या पत्रामागचं सगळं काम मी एका शनिवारात बसवलं आहे, तेवढी सूट घेतो.

साडेसहा. हंसाच्या पिसांचे सहा टाक तासून ठेवायचे. जनरलसाहेबांच्या पत्रांना रुंद टोकाचा, नकलेला बारीक टोकाचा. मक्याची भाकरी आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा खाताना हात कागदापासून लांब ठेवायचे. एकदा तुपकट बोटाचा ठसा एका हुकूमनाम्यावर उमटला होता, तेव्हा चिटणीस काहीच बोलले नाहीत, फक्त सगळं पान पुन्हा लिहायला लावलं.

आठ. चिटणीस आत येतात ते हातात फिलाडेल्फियाचं पाकीट घेऊनच. २१ सप्टेंबरचं पत्र, अमेरिकी काँग्रेसचे सभासद जेम्स लव्हेल यांचं.

या लव्हेलबद्दल थांबून सांगायला हवं. बॉस्टनचा शाळामास्तर. बाप त्याच शाळेत मास्तर, आणि राजनिष्ठ. मुलगा उलट्या बाजूचा. १७७५ साली बंकर हिलच्या लढाईनंतर इंग्रजांनी त्याला पकडून हॅलिफॅक्सच्या तुरुंगात नेलं. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला आणि काँग्रेसमध्ये जाऊन बसला, तो वर्षानुवर्षं घरी म्हणून गेला नाही. परराष्ट्र समितीचा पत्रव्यवहार, आणि त्यातून लागलेला नाद म्हणजे गूढलिपी. शत्रूची लिपी फोडण्यात या माणसाचा हात धरणारा त्या काँग्रेसमध्ये कोणी नव्हता. गंमत अशी की त्याची स्वतःची लिपी मात्र मित्रांना वाचता येत नसे. जॉन अ‍ॅडम्सना त्याने किल्ली कळवली ती अशी की, आपण अमक्या प्रवासाआधी ज्या घरी संध्याकाळ घालवली त्या कुटुंबाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. अ‍ॅडम्स हैराण. फ्रँकलिनसुद्धा डोकं खाजवत बसले. इतरांचं कुलूप उघडणाऱ्याने आपल्या दाराला असं कुलूप लावावं की पाहुणाच बाहेर राहावा, हे मास्तरी स्वभावाला धरूनच आहे म्हणा.

तर दक्षिणेत आपल्याच बाजूच्या जनरल ग्रीन यांच्या हाती कॉर्नवॉलिसची, म्हणजे आता यॉर्कटाउनात कोंडलेल्या इंग्रज सेनापतीची, काही सांकेतिक पत्रं लागली होती. ती लव्हेलने फोडली. फोडायची म्हणजे मोजायचं. अक्षरांऐवजी आकडे लिहिलेले असतात. कुठला आकडा किती वेळा आला ते रेघा मारत मोजायचं, कारण इंग्रजीत ‘ई’ सर्वांत जास्त येतं, आणि आकड्याचा वेश घेतला तरी ते जास्तच येतं. एक अक्षर सापडलं की शेजारचं, मग तोंडात बसलेला एखादा छोटा शब्द. इंग्रजांनी एवढी काळजी घेतली होती की आकडे आणि अक्षरं यांची जुळणी अधूनमधून सरकवायची. त्यामुळे एक वर्णमाला पुरत नाही, अनेक लागतात. लव्हेलने त्या सगळ्या मांडून ग्रीनकडे निघालेल्या पाकिटात घातल्या, पण पाकीट पाठवलं वॉशिंग्टनच्या हातून, आणि सोबत सुचवलं की शत्रूचे सगळे सरदार बहुधा हीच पद्धत वापरत असावेत, तेव्हा आपल्या चिटणिसाने एक नक्कल करून ठेवली तर उपयोग होईल.

मला सगळ्या गोष्टीत हा तर्क सर्वांत आवडतो. लिपी कितीही बिकट असो, ती वापरणारे आळशी असतील, असा विश्वास.

नऊ. नक्कल. वर्णमाला एकाखाली एक, आकडे एका सरळ रांगेत. यात सुंदर अक्षर नको, एकच आकडा चुकला तर पुढचं सगळं मुसळ केरात. तो प्रत्येक ओळ लिहून झाल्यावर उलटीकडून ताडून बघतो. बाहेर गावाच्या तटावरून इंग्रजांच्या तोफा झडताहेत. आपल्या बाजूने उत्तर नाही. जड तोफा जेम्स नदीच्या धक्क्यावरून ओढून आणायचं काम अजून चालू आहे.

साडेदहा. चिटणीस छोटीशी घडी उलगडतात. नुकतंच मध्येच पकडलेलं पत्र, कॉर्नवॉलिसकडून न्यूयॉर्कला त्याच्या वरिष्ठाकडे, सर हेन्री क्लिंटनकडे निघालेलं. समुद्राची वाट फ्रेंचांनी अडवली आहे. ५ सप्टेंबरला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी फ्रेंच अ‍ॅडमिरल द ग्रासच्या आरमाराने इंग्रजांना परतवलं, तेव्हापासून कॉर्नवॉलिसचा निरोप जातो तो रात्रीच्या लहान होडीतून. कुमक येणार का, कधी येणार, तोवर हा माणूस टिकणार का, सगळ्या छावणीचा जीव या तीन प्रश्नांत अडकलेला. द ग्रासला वेस्ट इंडीजकडे परतायचं आहे. तो कायमचा थांबणारा नव्हे.

“तू आकडे सांग,” चिटणीस म्हणतात, “मी अक्षरं लिहितो. मध्ये बोलायचं नाही.”

पहिली वर्णमाला. वीस-पंचवीस आकडे झाले की टाक थांबतो. कचरा. दुसरी. कचरा. तिसरीत एक शब्द जुळल्यासारखा वाटतो आणि पुढच्याच अक्षराला फसतो. पोराच्या घशाला कोरड पडते. चिटणीस मान वर न करता म्हणतात, “पुन्हा पहिल्यापासून.”

मग कुठल्याशा वर्णमालेवर टाक थांबत नाही. पोराला ते कळतं ते आवाजावरून. आतापर्यंत टाक खर्र करून थबकत होता, आता सलग चालतो आहे. पोरगा आकड्यांचा वेग वाढवतो. सातव्या ओळीपाशी चिटणीस एकदम हात उचलतात.

“काय म्हणालास? थर्टीन की थर्टी?”

“थर्टी, साहेब.”

“मग तसं ऐकू येऊ दे. यापुढे तेरा असेल तर एक-तीन म्हण, आणि तीस असेल तर तीन-शून्य.”

खोडल्याचा आवाज. पुन्हा टाक चालू. एक-सात. चार. दोन-नऊ. तीन-शून्य. लांब कुठे तरी गोळा पडतो, टेबलावरची दौत थरथरते, आणि तो बोलता बोलताच डाव्या हाताने ती धरून ठेवतो.

एक परिच्छेद होतो. पुढच्या परिच्छेदाला हीच वर्णमाला लावली तर पुन्हा कचरा. दीड वाजेपर्यंत दोघं उरलेल्या वर्णमाला लावून बघतात. नाही. चिटणीस कागद उचलतात आणि सरसेनापतींच्या तंबूकडे जातात. पोराला पत्रातला एक शब्दही कळलेला नाही. त्याच्या वाट्याला फक्त आकडे आले होते.

दुपार. काही विशेष नाही. मोर्चाला लागणाऱ्या फांद्यांच्या जुड्या आणि टोपल्या विणणाऱ्या सैनिकांना तो पाणी मागतो आणि थोडा वेळ सावलीत बसतो.

तेवढ्यात मीही जरा आपल्याकडे येतो. कॉर्नवॉलिस हे नाव आपल्याला कायमधाऱ्याच्या धड्यात भेटलेलं असतं. पण तो तिकडे आकडे लिहून मदत मागत होता त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मराठ्यांनी इंग्रजांच्या जनरल गॉडार्डला बोरघाटातून पनवेलकडे मागे रेटलं होतं, आणि त्या मोहिमेत हरिपंत फडके होते. अकरा वर्षांनी तेच हरिपंत श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात, टिपूविरुद्ध, याच कॉर्नवॉलिसच्या बाजूला तळ ठोकून होते. यॉर्कटाउनला हरलेला माणूस तिथे तह लिहून घेणाऱ्यांत होता. १८०५ मध्ये गाझीपूरला मेला, थडगंही तिथेच आहे.

चार. चिटणीस परततात. चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. एक मसुदा पुढे टाकतात. “लव्हेलसाहेबांना उत्तर. आज जायला हवं. पुस्तकात नक्कल घे.”

तो लिहू लागतो. आपलं २१ तारखेचं पत्र पोचलं, आभारी आहे. माझ्या चिटणिसाने त्या लिप्यांची नक्कल केली, आणि त्यातल्या एका वर्णमालेच्या आधारे कॉर्नवॉलिसकडून क्लिंटनकडे निघालेल्या, नुकत्याच पकडलेल्या पत्राचा एक परिच्छेद उलगडता आला. तो ‘माझ्या चिटणिसाने’ इथे टाक दौतीत बुडवतो आणि पुढे लिहितो. त्यात खटकण्यासारखं त्याला काही वाटत नाही. नक्कल करणाऱ्याने मसुद्यात स्वतःला शोधायचं नसतं.

संध्याकाळ. आभाळ भरून येतं. छावणीत कुजबुज आहे, मोठ्याने कोणी काही बोलत नाही. काळोख पडला की पंधराशे माणसं कुदळी-फावडी घेऊन पुढे सरकतात, त्यांच्या संरक्षणाला अठ्ठावीसशे. इंग्रजांच्या तटापासून सहा-आठशे यार्डांवर पहिला खंदक आज रात्री खणायचा आहे. पाऊस सुरू होतो, आणि बरंच होतं, फावड्याचा आवाज दबतो. सरसेनापतींनीही तिथे जाऊन कुदळीचे दोन-चार घाव घातले, असं एका शिपायाने पुढे आठवणींत लिहिलं आहे.

रात्री दहा. चिटणीस निघताना सांगतात, “कच्चे कागद जाळून टाक. सगळे. मोजून.”

अकरा कागद आहेत. ओलाव्याने पेट घेत नाहीत. एकेक मेणबत्तीवर धरायचा, कडा काळी पडते, धूर होतो, मग कुठे आग लागते. पहिले दहा फसलेल्या वर्णमालांचे, नुसता अक्षरांचा रेंदा. शेवटचा तो परिच्छेदाचा. शब्दांमध्ये जागा न सोडता, चिटणिसांच्या घाईच्या हातात, सगळं लिहिलेलं. दोन मिनिटं लागतील वाचायला.

तो मेणबत्ती जवळ ओढतो आणि ओळी मोजतो. सातव्या ओळीत खोडलेलं अक्षर आहे, त्याच्या डोक्यावर दुसरं बारीक लिहिलेलं. तो कागद उलटा करून लव्हेलच्या वर्णमालेची नक्कल शेजारी ठेवतो, तीस या आकड्याखाली बोट धरतो. बरोबर आहे. थर्टीच होतं.

मग तो अकरावा कागदही मेणबत्तीला लावतो.